मगरिबच्या आधी पंधरा मिनिटं

मास्तर,

तुमच्या मुलीचं, शैलाताईंचं पत्र बुधवारी ऑफिसात आलं. तुम्ही पत्र पाठवायचात तेव्हा पाकिटावर माझ्या नावापुढे न चुकता 'बी.कॉम.' लिहायचात, तेही खाली दोन रेघा मारून. या पाकिटावर नुसतंच नाव होतं. उघडायच्या आधीच मला कळलं, तुम्ही गेलात.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तुमचं जन्मगाव, नाटक कंपनीत कधी गेलात, बहारीनला किती वर्षं काढलीत, हे सगळं शैलाताईंनी कळवलंय आणि ते फोटोखाली छापून येईल. मला एका दुपारबद्दल बोलायचं आहे. तुम्ही समोर होतात तोवर ते जमलं नाही. पत्रातून जमेल असं वाटायचं, तर तुमच्या दम्याची चौकशी आणि इथल्या दमट हवेची तक्रार यापुढे माझं पेन जायचं नाही.

पण त्याआधी ती खुर्ची.

शहात्तर साली मी इथे बहारीनला आलो तेव्हा माझ्याकडे ऑफिसला घालण्यासारखी एकच पँट होती आणि ती कमरेत ढिली होती. गुदैबियातल्या तुमच्या दुकानात ती घेऊन आलो. तुम्ही मशीनवर कुणा अरबाचा पांढरा पायघोळ थोब शिवत होतात. मागे शेजारच्या हूऱ्यातल्या हॉटेलांच्या वेटरांचे लाल कोट ओळीनं टांगलेले होते. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "गाव खंयचो?"

"गडहिंग्लज."

"शिक्षण?"

"बी.कॉम."

तुमचे पाय मशीनवर थांबले आणि तुम्ही चक्क उठून उभे राहिलात. "ए, खुर्ची दे रे. ग्रॅज्युएट माणूस आहे!" दुकानातल्या केरळी कारागिराला मराठी कुठून कळणार? तो नुसता हसला. शेवटी खुर्चीवरचे कापडाचे तागे तुम्हीच उचललेत.

आमच्या घरात चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं. माझा निकाल लागला तेव्हा वडिलांनी गुऱ्हाळावर "पोरगं पास झालं" एवढंच सांगितलं, कारण नेमकं काय पास झालं ते त्यांना सांगता येत नव्हतं. माझ्या पदवीला पहिली खुर्ची तुम्ही दिलीत. हेही तुम्हाला कधी बोललो नाही.

दुकानात सगळे तुम्हाला मास्टरजी म्हणायचे. कापड बेततो तो मास्टर, असं मी धरून चाललो होतो. खरं काय ते सदाशिवनं सांगितलं. आपला सदाशिव, कराडचा, कंपनीची गाडी चालवायचा आणि शुक्रवारी तबला वाजवायचा. तो म्हणाला, "साहेब, हे शिंप्यातलं मास्तर न्हवंत. नाटकातलं मास्तर हायती. माझ्या आज्यानं ह्यांच्या खेळाला गाडी जुंपून चार कोस नेलं व्हतं सगळ्या घराला."

तुम्ही दातात धरलेल्या टाचण्या काढून म्हणालात, "तुझ्या आजोबाला मी आवडलो असणार. तेव्हा मी नायिका होतो."

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी दुकानात येऊन बसायला लागलो. तुमची सगळी कारकीर्द मी कापडाच्या तुकड्यांसारखी ऐकली, मागची पुढे आणि पुढची मागे. अकराव्या वर्षी आवाज गोड म्हणून कंपनीनं तुम्हाला उचललं. सोळाव्या वर्षी, तिसऱ्या अंकात, ऐन पदात आवाज फुटला. "नायिका विंगेत गेली ती कोंबडा होऊन बाहेर आली," असं तुम्ही सांगायचात आणि तो कोंबडा करूनही दाखवायचात. पुढचे सहा-आठ महिने गळा बंद. मग कंपनीच्या शिंप्याशेजारी बसून फाटके शालू सांधायला शिकलात. गळा परत आला तेव्हा त्याच नाटकात नायक झालात. पुढे एकेक थिएटर सिनेमाकडे गेलं. शेवटच्या प्रयोगाला समोरच्यापेक्षा रंगपटात माणसं जास्त होती. त्या दिवसापासून तुमच्याकडे फक्त सुई राहिली. हे सांगतानाही तुमचा आवाज रडका व्हायचा नाही. फक्त मशीन जरा जोरात चालायचं.

आपलं भांडणही तिथलंच. मी कॉलेजात शिकून आलो होतो की नाटक आयुष्यासारखं असावं. मी विचारलं, "मास्तर, मरायला टेकलेली बाई सात मिनिटं गाते कशी?"

"मरणारा गात नाही, ता माका ठावक आसा. पण बघणारा जिवंत असतो ना रे? त्याच्यासाठी."

"म्हणजे खोटंच की."

"आणि तू? पँटीला धारदार इस्त्री करून साहेबासमोर उभा राहतोस, तो खरा तू काय?"

मला पटलं नव्हतं. पुढे कितीतरी शुक्रवार मी नवे मुद्दे आणायचो आणि तुम्ही ते कडा दुमडाव्यात तसे दुमडून ठेवायचात. मास्तर, अजूनही मला ते अर्धंच पटलंय. उरलेल्या अर्ध्यासाठी आता कुणाशी भांडू?

मंडळानं नाटक करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही तुमच्या कंपनीचं ते जुनं नाटक सुचवलंत. छापील प्रत कुठेच मिळेना. "माझ्या डोक्यात आहे," म्हणालात. तीन महिने तुम्ही सांगत होतात आणि मी दोनशे पानी वह्यांत लिहून घेत होतो. हात रिकामे असले की तुम्हाला आठवत नसे, म्हणून समोर मशीन चालूच. राजा, प्रधान, विदूषक, सगळ्यांची भाषणं तुम्ही त्यांच्या त्यांच्या आवाजात सांगायचात. नायिकेचं वाक्य आलं की तुमची मान आपोआप कलायची आणि हात खांद्यावर जायचा, गळ्यातली माप घ्यायची टेप पदरासारखी सावरायला. अठ्ठावन्न वर्षांचे होतात तुम्ही. दुकानातलं कुणीही हसायचं नाही.

शेवटच्या अंकात, अगदी शेवटी, नावाडी येतो. एकच प्रवेश, एकच पद. प्रवासी आपलं गाठोडं सोडायला तयार नसतो आणि नावाडी त्याला म्हणतो, 'ओझे तीरी ठेव पांथा, नाव माझी सानुली.' इथे तुम्ही पहिल्यांदा मशीन थांबवलंत.

"कंपनीत नावाडी दाजी करायचे. म्हातारे होते. नायकाला वन्स मोअर पडो न पडो, दाजींना पडायचाच. मी साडी नेसून विंगेतून बघायचो. माका नायक होवचा नव्हता रे. माका दाजी होवचा होता."

"मग झाला का नाहीत?"

"नावाड्याला वय लागतं. माझं वय झालं तोवर कंपनीच राहिली नाही."

वन्स मोअर हा शब्द मला वाचूनच ठाऊक होता. आमच्या गल्लीत नाटक येत नसे. तुम्ही समजावलंत, "तो पडला की नाटक थांबतं. मेलेला माणूससुद्धा उठतो, पुन्हा गातो आणि पुन्हा मरतो. मागणं हा बघणाऱ्याचा हक्क. नटानं नाही म्हणायचं नसतं." मग म्हणालात, "नायक बँकेतल्या कुणाला तरी दे. नावाडी माझा."

आता ती दुपार.

शाळेचा हॉल मिळाला, फेब्रुवारीतला शुक्रवार. बाजूलाच मशीद. हॉलचे राखणदार अबू यूसुफ, पिकलेल्या दाढीचे बहारीनी गृहस्थ, यांना मी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून शब्द दिला होता की मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीआधी वाद्यं बंद होतील. ते फक्त "इंशाल्ला" म्हणाले होते. तेवढ्यानं मला भरवसा वाटेना, म्हणून पडद्याची दोरी मी स्वतःकडेच घेतली. परका मुलुख, हॉलच्या कागदावर माझी सही. पहिल्या पिढीतला शिकलेला माणूस नियमाला फार भितो, मास्तर. त्याला वाटतं, एक चूक झाली की सगळं काढून घेतील आणि गुऱ्हाळावर परत पाठवतील.

ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून मी घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचो. यावरून सगळे माझी थट्टा करायचे. सदाशिव तर म्हणायचा, "साहेबांच्या घड्याळात दुबईचं वाजत्यात, आपल्या म्होरं."

तुम्ही रंगमंचावर आलात ते हॉटेलच्या झाडूच्या दांड्याला पुठ्ठा लावून केलेलं वल्हं घेऊन. आणि गायलात. मला गाण्यातलं कळत नाही. एवढंच सांगतो, पुढच्या रांगेतल्या नर्सबाई मांडीवरचं मूल थोपटायचं विसरल्या आणि ते मूलही रडायचं विसरलं. पद संपलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि पाठोपाठ सगळा हॉल. ड्रायव्हर, बँकवाले, पोरंसोरं, सगळे. तुम्ही प्रेक्षकांकडे पाहिलं नाहीत. पेटीकडे पाहिलंत. सदाशिवचे हात तबल्यावर उचललेले होते.

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यात मगरिबला पाचच मिनिटं उरली होती. पदाला सात लागत.

दोरी माझ्या हातात होती. ओढली.

पडदा पडल्यावर तुम्ही वल्हं धरून तसेच उभे होतात. "काय झालं रे?"

तेवढ्यात मला ती दहा मिनिटं आठवली. पाच नव्हती, पंधरा होती. मास्तर, तिथेच खरं सांगितलं असतं तर मीच पडदा वर ओढून घेतला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "अबू यूसुफनं खूण केली. वेळ संपली."

"हां, मग बरोबर," तुम्ही म्हणालात. "देवाच्या वेळेला आपण आड येऊ नये." आणि वल्हं भिंतीला टेकवून ठेवलंत, काच ठेवावी तसं हळूच.

मी समोर आलो तर अबू यूसुफ शेवटच्या रांगेत बसले होते, चपला काढून, काठी मांडीवर आडवी. "काहे को बंद किया? पब्लिक मांगता था."

"मगरिब..."

"मगरिब को अभी टाइम है. अज़ान का टाइम तुमको मालूम, हमको नहीं मालूम?" आणि ते हसले.

मी खुर्च्या मिटायला लागलो. एकेक खुर्ची मिटत होतो आणि अजान होत नव्हती. सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या, तरीही नाही. मग झाली.

त्यानंतर तुम्ही रंगमंचावर गेला नाहीत. पुढच्या वर्षी दमा वाढला, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. तुमचा तो एकच नावाडी.

विंगेत मी टेपरेकॉर्डर ठेवला होता. कॅसेटवर तुमचं पद आहे, मग वन्स मोअर, आणि मग पडद्याच्या कप्पीची किरकिर. तुम्ही कॅसेट दोनदा मागितलीत. दोन्ही वेळा मी म्हटलं, टेप अडकून खराब झाली. दुसऱ्या वेळी तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत. "असांदे झिला. माझ्या डोक्यात आहे."

दर ईदला तुम्ही अबू यूसुफसाठी एक थोब शिवायचात. मी जी खूण त्यांच्या माथी मारली तिचा रागही न धरता हा माणूस त्यांना कपडे शिवतो, या विचारानं मला दुकानात बसवत नसे. तुम्ही विचारायचात, "लवकर निघालास?" मी म्हणायचो, "काम आहे."

आणि कायमचे गावी निघालात तेव्हा, विमानतळावर, माझा हात हातात घेतलात. मला वाटलं निरोपाचा. तुम्ही मनगट फिरवून घड्याळ पाहिलंत. "आता तरी बरोबर लाव रे." मी हसलो. नेहमीचीच थट्टा, असं वाटलं.

पत्र आल्यावर परवाच्या शुक्रवारी मी अबू यूसुफकडे गेलो. आता राखणदारी त्यांचा भाचा करतो, पण ते अजून शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. नजर मंद झालीय. अंगातल्या थोबाची कॉलर पाहूनच ओळखलं, कुणाच्या हातची.

मी म्हटलं, "बाबा, मास्टरजी गुजर गये."

ते बराच वेळ ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत राहिले. मग म्हणाले, "वो नाटक के बाद अगला जुमा को इधर आया था. माफी मांगने को."

"माफी?"

"बोला, आपके अज़ान के टाइम में हमने देर किया, आपको इशारा करना पड़ा. मैं बोला, इशारा? कौन किया? मैं तो सुनता था!"

मास्तर, म्हणजे तुम्हाला पुढच्याच शुक्रवारी, सातव्या दिवशी कळलं होतं.

अबू यूसुफ सांगत राहिले. तरुणपणी ते मोती काढणाऱ्यांच्या बोटीवर गायचे. गाणं हेच त्यांचं काम. पाणबुडे वर आले, दमले, आणि म्हणाले पुन्हा, की पुन्हा गायचं. "जो नीचे जाता है, वो बोले फिर से, तो फिर से. ना नहीं बोलने का." म्हणून त्यांनी तुम्हाला रिकाम्या हॉलमध्ये नेलं आणि म्हणाले, ते बोटीवाल्याचं गाणं. तुम्ही तिथे, मिटलेल्या खुर्च्यांसमोर उभे राहून गायलात. संपलं तसं ते म्हणाले, फिर से. तुम्ही पुन्हा गायलात. त्यानंतरही कितीतरी जुम्मे, दमा वाढेपर्यंत. तुम्ही मला सांगायचात, माप घ्यायला जातोय.

"आणि मला का नाही सांगितलं?" हे मी मराठीतच विचारलं, पण त्यांना कळलं.

"मास्टरजी मना किया. बोला, सेक्रेटरी को नहीं बताना. पढ़ा-लिखा लड़का है, बहुत शरम करेगा."

आधी बरं वाटलं, फार बरं. तुमचा वन्स मोअर वाया गेला नव्हता. मग राग आला, मास्तर. खरंच आला. पाच वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून कापड बेतत होतात. सगळं माहीत असून मला चहा पाजत होतात. एकदा कान धरला असतात तर? तुम्ही मला माफ केलंत, पण मला माफी मागू दिली नाहीत. हे मला मान्य नाही. आपलं हे दुसरं भांडण, आणि तेही आता मला एकट्यालाच चालवायचं आहे.

मग लक्षात आलं, तुम्ही दार लावलं नव्हतं. दोनदा कॅसेट मागितलीत. ईदचा थोब माझ्या डोळ्यांसमोर शिवलात. विमानतळावर मनगट धरलंत. खुर्ची पुढे सरकवून तुम्ही वाट पाहत होतात. मीच बसलो नाही.

म्हणून आता बसतो. त्या दुपारी हॉलमध्ये जे होते, त्यांतले बरेचजण हा अंक वाचतील. त्यांना सांगतो: अबू यूसुफनं कसलीही खूण केली नव्हती. घड्याळ माझं पुढे होतं, भीती माझी होती आणि दोरी मीच ओढली. मागायचा हक्क तुम्हा बघणाऱ्यांचा होता, तो मी काढून घेतला. मास्तरांची आणि तुमची मी माफी मागतो. कॅसेट शैलाताईंना पाठवली आहे, कप्पीच्या किरकिरीसकट. घड्याळ बरोबर लावलंय. काल ऑफिसला उशीर झाला.

परवा मी फाटकापासून निघायला लागलो तेव्हा अबू यूसुफनी काठी मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर बोटांनी ठेका धरला आणि गायला लागले. शब्द सगळे मोडलेले होते, 'ओझे तीरी'चं 'ओजे तिरी' झालेलं, पुढचं तर नुसतंच हं-हं. पण चाल तुमची होती. 'सानुली'वर तुम्ही जिथे श्वास सोडायचात, तिथेच त्यांनी सोडला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दुपार कलली होती आणि मगरिबला अजून वेळ होता. किती, ते मी पाहिलं नाही.

गाणं संपलं. मी आयुष्यात तो शब्द कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. घसा साफ केला आणि म्हटलं, "वन्स मोअर."

त्यांना तो शब्द ठाऊक असेल-नसेल. पण ते बोटीवर गायलेले गृहस्थ. त्यांनी काठी सारखी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.